दाजींचा ब्लोअर

आर्विडचा खुबा बदलला त्या वर्षी आल्टोला गावात बर्फ लवकर आला. ऑक्टोबर संपायच्या आत कुंपणाच्या खुंटांवर पांढऱ्या टोप्या बसल्या. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की या हिवाळ्यात फावड्याला हात लावायचा नाही, आणि ते हाताने ढकलायचं बर्फाचं मशीन तर अंगणात दिसताही कामा नये. आर्विडने ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नाही. दुकानात कुणी विचारलंच तर म्हणायचा, "यंदा बर्फ कमी पडणार. गांधीलमाश्यांनी पोळी खाली बांधलीत."

"गांधीलमाश्या काही आपली वाट साफ करायला येणार नाहीत," सायमा म्हणायची.

सायमा म्हणजे त्याची बायको. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, तीही सुपीरिअर सरोवराच्या काठच्या घसरड्या रस्त्यांवर. त्यामुळे बर्फाला ती घाबरत नव्हती. तिला धास्ती होती ती आर्विडची. वाट बुजली की एखाद्या सकाळी हा माणूस ती उठायच्या आत गुपचूप फावडं घेऊन बाहेर जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट चांगली लांब होती. उन्हाळ्यात गवत आणि बटाटे काढायला वापरायचा तो जुना ट्रॅक्टर शेडमध्ये उभाच होता. त्याच्यामागे लावायला काहीतरी मिळालं की झालं, असं तिच्या मनात घोळत होतं.

तेवढ्यात दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लागली. 'ट्रॅक्टरमागचा, बर्फ उडवायचा ब्लोअर विकणे आहे. चालू आहे. टाउनो.' फोन नंबर नव्हता. टाउनोचा नंबर गावात सगळ्यांना पाठ होता.

टाउनो हा आर्विडच्या थोरल्या बहिणीचा, लायलाचा नवरा. लायलाला जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हातारा आता एकटाच टेकडीवरच्या घरात राहायचा, आणि दूर ॲरिझोनात राहणारी त्याची मुलगी मार्लीन दर रविवारी फोन करून त्याला तिकडे बोलवायची. शेवटी त्याने हो म्हटलं होतं. जानेवारीत निघायचं होतं.

"दाजींकडून घ्यायचा?" आर्विड म्हणाला. "जन्मभर ऐकवतील. आधीच काय कमी ऐकवतात?"

"ॲरिझोनातून कसे ऐकवतील?"

"पत्र लिहितील."

"त्यांनी आजवर कुणाला पत्र लिहिलंय? चिठ्ठीवर फोन नंबर लिहायचासुद्धा कंटाळा केलाय त्यांनी."

आर्विडने आणखी दोन-तीन कारणं काढली. सायमाने बूट चढवले आणि ती गाडी काढून निघून गेली.

टाउनोच्या कोठारात ब्लोअर लाकडी ओंडक्यांवर ठेवलेला होता. पत्र्याचा लाल रंग उडून बऱ्याच ठिकाणी गंज दिसत होता, पण आतला बर्फ ओढणारा मळसूत्री फाळ कडेला घासून चांदीसारखा चमकत होता. काम करून झिजलेल्या वस्तूची चमक वेगळी असते, ती सायमाने ओळखली. तिने वाकून साखळी पाहिली, पंख्याला हाताने गरगर फिरवलं, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकाला, पीटीओला, जोडायचा दांडा धरून हलवून पाहिला.

"थोडा खेळतोय," ती म्हणाली.

"मीही खेळतोय," टाउनो म्हणाला. "चौऱ्याहत्तरीत सगळंच थोडं खेळतं."

"खातो कसा?"

"खातो उत्तम. बर्फ खातो आणि बर्फाखाली जे असेल तेही खातो. एकदा लायलाची पायपुसणी खाल्ली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही."

"चार दिवसांत कळलं तरी का तुम्हाला, बोलत नाहीये ते?"

"तिसऱ्या दिवशी संशय आला."

पैशाचं लवकर मिटलं. त्याने सांगितलेला आकडा फारच कमी होता, म्हणून सायमा वर चढत होती आणि तो खाली ओढत होता. "मेहुण्याच्या बायकोकडून जास्त घेतले तर वर गेल्यावर लायला मला दारात उभं करणार नाही," असं म्हणून त्याने विषय संपवला. मग दोघांनी मिळून ब्लोअर कप्पीने उचलून गाडीच्या हौद्यात ठेवला. दोर आवळता आवळता टाउनोने चार गोष्टी सांगितल्या. ट्रॅक्टर उलटा चालवायचा, सगळ्यात हळू गिअरमध्ये. आधी ब्लोअर पूर्ण वेगात फिरू द्यायचा आणि मग हलायचं. फाळाला एक मुद्दाम कच्चा बोल्ट लावलेला असतो. काही कठीण अडकलं की तो तुटतो म्हणून बाकीचं मशीन वाचतं, तेव्हा खिशात तसले जास्तीचे बोल्ट ठेवायचे. "आणि वाऱ्याने रचलेला उंच ढीग समोर आला की अंगावर जायचं नाही. ब्लोअर वर उचलायचा, आधी वरचा अर्धा खायचा, मग मागे येऊन खालचा. केक खातात तसा."

"केक असा कोण खातं?"

"मी खातो," टाउनो म्हणाला.

गाडी निघाली तेव्हा तो कोठाराच्या दारात टोपी हातात धरून उभा होता. आरशात दिसेनासा होईपर्यंत हलला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला खरा बर्फ पडला. सकाळी सायमाने लोकरीच्या दोन टोप्या चढवल्या आणि ट्रॅक्टर सुरू केला. आर्विड स्वयंपाकघराच्या खिडकीत काठी घेऊन उभा राहिला. काठीने तो खुणा करत होता. डावीकडे, उजवीकडे, थांब, ये. सायमाने तिकडे पाठच केली. नाहीतरी उलटा ट्रॅक्टर चालवायचा म्हणजे मान मागे वळवूनच बसायचं असतं.

ब्लोअरने घोंघावायला सुरुवात केली. ती हळूच मागे सरकली. फाळाने बर्फ आत ओढला, आणि वरच्या वाकड्या धुराड्यातून पांढरा झोत असा उसळला की ती स्वतःच दचकली. मग तिला हसू आलं. फावड्याने तासभर लागला असता तेवढा बर्फ कोटासारखा उतरून पलीकडे कुरणात जाऊन पडत होता. ती परत पुढे आली, पुन्हा मागे गेली. दुसऱ्या फेरीला खिडकीतून सांगून भागेना म्हणून आर्विड दार उघडून ओट्यावर आला.

"धुराडं फिरव," तो ओरडत होता. "वारा बघ कुठून आहे."

सायमाला ऐकू आलं नाही. तिने हँडल फिरवलं ते खरं, पण उलट्या बाजूला. झोत गोल फिरला, कोठारावरून आला, लाकडांच्या राशीवरून आला आणि नेमका ओट्यावर थांबला.

तिने क्लच दाबला तेव्हा ओट्यावर आर्विड नव्हता. आर्विडच्या उंचीचं एक पांढरं काहीतरी होतं, त्याला काठी होती. ट्रॅक्टरवरून उडी मारून ती धावली. खुबा, डॉक्टर, बर्फात घसरणं, सगळं एकदम तिच्या डोक्यात आलं. तिने त्याच्या तोंडावरचा बर्फ पुसला. आतून लाल चेहरा निघाला, आणि त्याचे खांदे हलत होते. ऑपरेशन झाल्यापासून तो इतका हसला नव्हता. हसता हसता त्याला खोकला आला, मग पुन्हा हसू.

"दाजींनी सांगितलं होतं का हे?" त्याने विचारलं. "का तू मनाने केलंस?"

डिसेंबर संपेपर्यंत सायमाचा हात बसला. सकाळी कॉफी प्यायची, ट्रॅक्टर काढायचा, आपली वाट करायची, मग शेजारी राहणाऱ्या, चर्चच्या म्हाताऱ्या पाळकांची, मग दुकानासमोरची जागा. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला थांबवत नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या सरळ, कापल्यासारख्या भिंती उभ्या राहिल्या की तिला फार बरं वाटायचं. मान मात्र दुखायची. आर्विड संध्याकाळी तिच्या मानेला तेल चोळायचा आणि दिवसभरात तिने कुठे काय चुकवलं ते सांगायचा.

जानेवारीत टाउनोचा निरोपाचा दिवस ठरला. शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये जेवण, थोडं गाणंबजावणं, आणि रविवारी सकाळी जवळच्या हॅनकॉकहून विमान. बायकांनी मांस-बटाट्याच्या पास्टी आणि वेलदोड्याचे गोड पाव करायचं वाटून घेतलं. आणि गुरुवारी सरोवरावरून वारा सुटला. दोन दिवस बाहेरचं काही दिसेना. शेजाऱ्याचा दिवा दिसेना, स्वतःचं कोठार दिसेना. आर्विड गांधीलमाश्यांबद्दल काही बोलला नाही.

शनिवारी सकाळी एकदम उघडलं. आकाश निळंभोर, वारा पडलेला, आणि जग गळ्यापर्यंत बर्फात. सायमाने आपली वाट मोकळी केली आणि आत येऊन हात शेकत होती, तेव्हा फोन वाजला.

"ब्लोअर चालतोय?" टाउनो.

"चालतोय."

"चांगलं मशीन आहे."

"चांगलं आहे, दाजी."

"हं." बराच वेळ नुसता तारेचा आवाज आला. "इकडे पण पडलाय बर्फ."

"पडला असेल."

"बरं मग," टाउनो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सायमा रिसीव्हर हातात धरून उभी राहिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्याची वाट आख्ख्या गावात सगळ्यात लांब होती, टेकडी चढून जाणारी. आणि ती मोकळी करायचं यंत्र त्याने तिला विकलं होतं.

"अडकलेत," ती आर्विडला म्हणाली. "निरोप त्यांचा आणि तेच अडकलेत."

"मागितलं का त्यांनी?"

"तुझ्या घराण्यात कुणी कधी काही मागितलंय?"

"ते माझ्या घराण्यातले नाहीत, जावई आहेत," आर्विड म्हणाला, पण तो आधीच कोट चढवत होता. सायमाने नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही. ट्रॅक्टरवर दोघांना जागा नव्हती, म्हणून तो गाडी घेऊन तिच्यामागून हळूहळू निघाला. खुबा बदलल्यावर आज पहिल्यांदाच तो गाडी चालवत होता आणि तोंडावर काही न दाखवायचा प्रयत्न करत होता.

मोठा रस्ता बर्फ सारणाऱ्या गाडीच्या नांगराने मोकळा झाला होता. टाउनोच्या वाटेच्या तोंडाशी मात्र नांगराने बाजूला सारलेला बर्फ घट्ट बसून बांध झाला होता. सायमाने ट्रॅक्टर फिरवला, ब्लोअर पूर्ण वेगात घेतला आणि मागे सरकली. पहिला घास नीट गेला. दुसऱ्याला कडाडकन आवाज झाला, आणि धुराड्यातून बर्फाबरोबर रंग उडायला लागले. लाल, पिवळे, हिरवे कपटे हवेत उंच गेले आणि सावकाश बर्फावर उतरले. मग फाळ थांबला.

ती खाली उतरली. बर्फात टाउनोच्या टपालपेटीचं झाकण पडलं होतं. नांगराच्या धक्क्याने पेटी कधीच आडवी होऊन गाडली गेली होती आणि तिच्यात वसंतासाठी आलेलं बियाण्यांचं जाडजूड रंगीत पुस्तक होतं. टोमॅटो, काकड्या, झेंडू, सगळं बारीक होऊन वाटेवर पसरलं होतं.

आर्विड काठी टेकत येऊन उभा राहिला. "दाजींची बाग लावून झाली," तो म्हणाला. "जानेवारीत. गावात पहिली."

सायमाला इतकं हसू आलं की बोल्ट बसवताना हात स्थिर राहीना. दोनदा बोल्ट बर्फात पडला. आर्विड शेजारी उभा राहून पाना द्यायचा, घ्यायचा, आणि खाली वाकता येत नाही याबद्दल स्वतःलाच शिव्या द्यायचा. शेवटी बोल्ट बसला, फाळ फिरला, आणि ती टेकडी चढायला लागली.

वर जाताना ऊन अंगावर आलं. झाडांवरचा बर्फ चमकत होता. मान मागे, एक हात चाकावर, एक हात हँडलवर, आणि पाठीमागे इंच इंच उघडत जाणारी वाट. चढ संपत आला तिथे, कोठाराच्या अलीकडे, वाऱ्याने रचलेला ढीग उभा होता, तिच्या डोक्याहून उंच. ती थांबली. अंगावर जायचा मोह झाला, कारण घर आता दिसत होतं. मग तिने ब्लोअर वर उचलला आणि वरचा अर्धा खाल्ला. पुढे आली, ब्लोअर खाली सोडला, खालचा खाल्ला. पुन्हा वर, पुन्हा खाली. वरचा कडा कोसळून दोनदा ती स्वतःच बर्फाने माखली, भुवयांवर बर्फ, टोपीत बर्फ, आणि ती मोठमोठ्याने गाणं म्हणत होती. इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून वाटेल ते म्हणत होती. बराच वेळ लागला. बर्फाचा शेवटचा पडदा कोसळला आणि पलीकडे टाउनोचं अंगण दिसलं.

खिडकीत टाउनो उभा होता. तिने हात केला. त्याने केला नाही. तिने ट्रॅक्टर बंद केला, तरी तो बाहेर आला नाही. ती धावत ओटा चढून आत गेली.

टाउनो खिडकीशीच होता. मार्लीनने पाठवलेला, ताडाची झाडं छापलेला, अर्ध्या बाह्यांचा पातळ शर्ट त्याने घातला होता आणि त्याखाली लोकरीची जाड आतली बंडी. बॅग दाराशी तयार होती. त्याचे डोळे ओले होते आणि त्याने ते पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

"दाजी, काय झालं?"

"मी हे कधी पाहिलंच नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"ब्लोअर. चालताना. इतकी वर्षं मी ट्रॅक्टरवर बसलेला, मला काय दिसणार? लायला इथं उभी राहायची, कॉफी घेऊन. मी आत आलो की म्हणायची, काय सुंदर दिसतं रे. उन्हात त्या फवाऱ्यात रंग दिसतात, इंद्रधनुष्यासारखे. मी म्हणायचो, बर्फ आहे तो, बर्फात काय बघायचंय." त्याने खिडकीकडे बोट केलं. "दिसतात खरंच. तू त्या ढिगातून आलीस तेव्हा पूर्ण कमान होती."

सायमा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाहेर हवेत अजून बारीक बर्फ तरंगत खाली येत होता. थोड्या वेळाने टाउनोने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "ढीग बरोबर खाल्लास. केकसारखा."

आता खाली उतरून हॉलवर जायचं एवढंच उरलं होतं, पण ते झालं नाही. आर्विडची गाडी वर आली आणि तिच्यामागे दुसरी, तिसरी, गाड्यांची रांगच. हॉलचं दार अजून बर्फाखाली होतं. गरम पातेली घेऊन बायका रस्त्यावर खोळंबल्या होत्या. रस्त्यावर थांबलेल्या आर्विडने काच खाली करून त्यांना सांगितलं होतं, "दाजींची वाट उघडी आहे. सायमाने केलीय." हे सांगताना त्याने छाती किती फुगवली ते पाळकांनी नंतर सगळ्यांना करून दाखवलं.

टाउनोच्या घरात एवढी माणसं लायला गेल्यापासून आली नव्हती. टेबलावर पास्टी, वेलदोड्याचे पाव, जांभळट बोरांचा मुरंबा. कुणीतरी मागच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, लाकडं घातली. पुरुष आळीपाळीने आत बसून लालबुंद होत आणि उघड्या अंगाने सायमाने उडवलेल्या ताज्या ढिगात जाऊन लोळत. आर्विडला सौना चालेल पण लोळणं नाही, असं सायमाने सांगितलं होतं. तो लोळला नाही. ढिगाला पाठ लावून फक्त उभा राहिला, हे लोळणं नव्हे असं त्याचं म्हणणं. ॲकॉर्डियन निघालं. ताडाच्या शर्टातला टाउनो प्रत्येक बाईबरोबर नाचला, आणि सायमाबरोबर दोनदा.

"माझी टपालपेटी कुठंय?" नाचता नाचता त्याने विचारलं.

"खाल्ली."

"पायपुसणीपेक्षा बरं," टाउनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर सुटलं.

तो तिकडे कायमचा राहणार होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ ऐन भरात असताना, सायमाच्या दाराशी उभा राहिला. उन्हाने नाकाची साल निघालेली, टोपी तीच.

"सकाळी करायला काही नसतं तिकडे," त्याने कोट काढता काढता सांगितलं. "माणसं उठतात आणि सरळ बाहेर निघून जातात. दार उघडलं की झालं. मार्लीन चांगली आहे, जावई चांगला आहे. उन्हाळ्यात या म्हटलं तुम्हीच." मग कॉफी पिऊन झाल्यावर घसा खाकरला. "तो ब्लोअर. परत देतेस का?"

"नाही."

"वर काही घाल म्हणालीस तर घालतो."

"नाही, दाजी."

"मी दिला तेव्हा..."

"विकला तेव्हा," सायमा म्हणाली. "मी घेतला. माझा आहे. मला आवडतो."

टाउनोने मेहुण्याकडे पाहिलं. आर्विड वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. कागद थरथरत होता.

"मग माझी वाट?"

"मी येईन."

"दर वेळी?"

"बर्फ पडेल तेव्हा दर वेळी. तुम्ही कॉफी ठेवा आणि खिडकीत उभे राहा."

टाउनोने कपातला शेवटचा घोट घेतला, विचार केला, आणि मान डोलावली. त्याच आठवड्यात पुन्हा बर्फ पडला, हातभर. सायमा टेकडी चढून गेली तेव्हा ऊन होतं. आर्विड काठीशिवाय तिच्याआधीच गाडीने येऊन बर्फातून पायी वर पोचला होता, त्याबद्दल ती त्याला नंतर बोलणार होती. खिडकीत दोघं उभे होते, दोघांच्या हातात कप, आणि दोघंही एकदम बोलत होते. तिने केलेली वाट सरळ आहे की डावीकडे जातेय यावर त्यांचं जुंपलेलं दिसत होतं. सायमाने हँडल फिरवलं, झोत उंच चढवला, आणि मान वळवून पुन्हा मागे सरकायला लागली.